लिबरेटर बॉम्बर 1/72: विदर्भाच्या हवेत रंगकाम आणि बारीक काम

बी-24 लिबरेटर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बनावटीचं बॉम्बर, 1/72 मापात जोडून झालं की पंखांचा विस्तार साडेसेहेचाळीस सेंटिमीटर भरतो आणि लांबी 28 च्या वर जाते. एवढं मोठं मॉडेल एका बैठकीत रंगवून होत नाही. परदेशी माहितीपत्रकांत दिलेली थिनरची प्रमाणं आणि वाळण्याच्या वेळा साधारण 20-22 अंशांच्या खोलीसाठी असतात. अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे मे महिन्यात घरातच 40 अंश असतात. तिथे तीच प्रमाणं वापरली तर रंग मॉडेलवर बसायच्या आधीच वाळतो. त्यामुळे रंगाचा नंबर नंतर बघा. महिना कोणता आणि वेळ कोणती, हे आधी ठरवा.

या लेखातलं मॉडेल आग्नेय आशिया कमांडच्या, म्हणजे ब्रह्मदेशावर उडालेल्या आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) लिबरेटरचं धरलं आहे. ही विमानं बंगालमधल्या दिग्री आणि सालबोनी इथल्या धावपट्ट्यांवरून जात. हॅसेगावा किंवा ॲकॅडमी, कोणतंही किट चालेल. रंग वर ऑलिव्ह ड्रॅब (मातकट हिरवा) आणि खाली न्यूट्रल ग्रे (राखाडी). चकचकीत धातूचं लिबरेटर सुंदर दिसतं, पण पहिल्यांदाच चार इंजिनांचं मॉडेल करत असाल तर त्याच्या नादी लागू नका. जिनिंग सुरू असलेल्या गावात हिवाळाभर हवेत रुईचे तंतू उडत असतात आणि धातूच्या रंगात एक तंतूही लपत नाही.

कधी रंगवायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात सोयीचा. मार्चपासून सकाळी सहा ते आठ एवढाच वेळ कामाचा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, एअरब्रशला (हवेने रंग फवारणाऱ्या पेनला) हात लावू नका, त्या दिवसांत इंजिनं, बंदुका, कॉकपिट असं ब्रशचं काम उरका. पावसाळ्यात उघडीप मिळाली तर प्रायमर आणि मूळ रंग चालतो, पण ग्लॉस लॅकर नको. हवेतली वाफ ओल्या लॅकरवर बसते आणि वाळताना पांढुरकी साय उमटते. ती आली तर कोरड्या दिवशी नुसत्या लॅकर थिनरचा अगदी हलका फवारा द्या, बहुतेक वेळा ती विरते.

कूलरचं वेगळं सांगायला हवं. कूलर चालू असलेल्या खोलीत रंगवायला बरं वाटतं, पण ती हवा दमट असते आणि सोबत पाण्यातले क्षार आणि वाळ्याचा कचरा आणते. खोली आधी थंड करून घ्या, कूलर बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग रंग मारा. पंखाही बंदच.

उन्हाळ्यात रंग खरखरीत का बसतो? भर दुपारच्या वाऱ्यात कपाशीवर फवारणी केली की औषध पानावर कमी पडतं आणि धुऱ्यावर जास्त जातं. इथेही तसंच होतं. थेंब हवेतच अर्धा वाळतो आणि मॉडेलवर नुसती भुकटी बसते. त्यावर वॉश (रेघांत उतरणारा पातळ गडद रंग) टाकला की डाग पडतात, डेकल (पाण्यात भिजवून लावायचं चिन्ह) लावलं की त्याच्याखाली हवा अडकते. उपाय चार आहेत आणि ते एकदमच करायचे. तामिया ॲक्रिलिक थंडीत रंग 1 : थिनर 1 असं चालतं, ते एप्रिलमध्ये 1 : 2 करा. दाब 18-20 पीएसआयवरून 12-14 वर आणा. अंतर 12 सेंटिमीटरवरून 6-7 वर आणा. आणि दर 10 मिली मिश्रणात रिटार्डरचे (रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) चार-पाच थेंब टाका. इतका पातळ रंग एका जागी जास्त पडला की ओघळतो, म्हणून हात थांबवायचा नाही. पहिल्या हातात खालचं प्लॅस्टिक दिसतच राहणार. तीन-चार पातळ हातांत ते झाकलं जातं.

सामान

0.3 मिलिमीटर नोझलचा डबल-ॲक्शन एअरब्रश आणि किमान 3 लिटर टाकीचा कम्प्रेसर घ्या. ओलावा पकडणारा ट्रॅप हवाच, पावसाळ्यात त्याच्याशिवाय मध्येच पाण्याचा थेंब थुंकला जातो. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. कम्प्रेसर नुसता घुमतोय, फिरत नाही असं दिसलं की लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं.

लोडशेडिंगसाठी स्टेपनीची हवा वापरता येते. पण हिशोब समजून घ्या. 33 पीएसआय भरलेल्या कारच्या स्टेपनीवर सलग चार-पाच मिनिटं फवारा मिळतो. अर्धवट राहिलेला हात पुरा करायला तेवढं पुरतं. ट्रकच्या स्टेपनीवर जवळपास तासभर काम होतं, पण तिथे रेग्युलेटर नसेल तर 90-100 पीएसआय थेट पाइपात येतो आणि पाइप उडतो. पंक्चरच्या दुकानातल्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं, म्हणून ट्रॅप इथेही लागतो. नुसती ट्यूब फुगवून वापरू नका. टायरच्या आवरणाशिवाय ट्यूब दाब धरत नाही, फुगत जाते आणि फुटते.

थिनर म्हणून तामियाचंच वापरलेलं बरं. ते संपलं तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं, तामिया ॲक्रिलिकला चालतं. फक्त ते लवकर उडतं, म्हणून उन्हाळ्यात रिटार्डर वाढवा. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुण्यापुरतंच. मॉडेलच्या उघड्या प्लॅस्टिकवर ते पडलं की पृष्ठभाग विरघळतो आणि पॅनेलच्या रेघा कायमच्या जातात.

एअरब्रश नसेल तर तामियाचे स्प्रे कॅन आहेत: वरच्या बाजूला एएस-6 आणि खाली एएस-7. हे दोन्ही नेमके अमेरिकी हवाई दलाच्या ऑलिव्ह ड्रॅब आणि न्यूट्रल ग्रेसाठीच आहेत. डिसेंबरच्या पहाटे कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक येतो. मे महिन्यात तो टिनाच्या शेडखाली किंवा गाडीत ठेवू नका.

तोंडाला फडकं बांधून लॅकरची वाफ अडत नाही. कार्ट्रिजचा मास्क घ्या आणि खिडकी उघडी ठेवा.

नाकातलं वजन

लिबरेटर पुढच्या चाकावर उभं राहतं, पण मॉडेलची शेपटी जड असते. वजन टाकलं नाही तर ते शेपटीवर बसतं आणि तोवर फ्यूजलाज (विमानाचं धड) चिकटलेला असतो. किती वजन लागेल हे असं काढा. फ्यूजलाजचे दोन अर्धे, पंख आणि शेपटी टेपने तात्पुरती जोडा. मुख्य चाकांच्या आसाच्या रेषेत पंखाखाली आडवी पेन्सिल ठेवा. आता नाकात जिथे वजन बसणार तिथेच वर दहा रुपयांची नाणी टेपने लावत जा. दोन धातूंचं दहाचं नाणं 7.71 ग्रॅमचं असतं. नाक खाली टेकलं की नाणी मोजा आणि त्यात तिसरा हिस्सा वाढवा, कारण रंग, सांध्यांतलं भरण, मागचा टरेट (बंदुकांचा फिरता घुमट) हे सगळं अजून यायचं आहे.

शिसं सगळ्यात कमी जागा घेतं. मासे धरायच्या गळाचे गोळे किंवा एअरगनचे छर्रे चालतात. सायकलच्या बेअरिंगचे छर्रे पोलादी असतात, तेवढ्याच वजनाला दीडपट जागा लागते आणि लिबरेटरच्या नाकात ती नसते. शिसं फेविकॉलने चिकटवू नका. त्यातल्या आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि काही वर्षांत फ्यूजलाजचा सांधा उकलतो. अराल्डाइट किंवा एम-सील वापरा.

या वजनाचा दुसरा त्रास उन्हाळ्यात कळतो. पुढच्या चाकाचा पाय बारीक आणि एकटा असतो. 45 अंशांत महिनाभर भार सोसून तो हळूहळू वाकतो. चिकटवण्यापूर्वी पायात 0.5 मिलिमीटरचं छिद्र पाडून त्यात डोकं कापलेली टाचणी फेविक्विकने बसवा.

कॉकपिट, बंदुका, इंजिनं

कॉकपिटवर फार वेळ घालवू नका, जोडल्यावर त्यातलं दहावा हिस्साही दिसत नाही. मंद हिरवा रंग, काळं पॅनेल, आणि सीटवर पट्टे. खरा पट्टा 5 सेंटिमीटरच्या आसपास रुंद, म्हणजे या मापात 0.7 मिलिमीटर. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटामागची ॲल्युमिनियमची पत्री कापून ते होतात आणि कागदासारखे ताठ न राहता सीटवर नीट पडतात.

बंदुकांकडे मात्र नजर जाते. किटमधल्या प्लॅस्टिकच्या नळ्या जाड आणि भरीव असतात. मेडिकलमधून 26 नंबरच्या नव्या सुया आणा. त्यांची जाडी 0.46 मिलिमीटर, म्हणजे पॉइंट फाइव्ह ब्राउनिंगच्या नळीला 1/72 मध्ये जवळपास बरोबर, आणि पोकळ असल्याने नळीचं तोंड आपोआप मिळतं. सुई पक्कडीने कापली तर टोक चेमटतं. ब्लेडखाली ठेवून गोल फिरवत खाच पाडा, मग खाचेवर वाकवून मोडा. टोकाची बाजू लगेच जाड डब्यात टाका.

इंजिन प्रॅट अँड व्हिटनी आर-1830 आहे: चौदा सिलिंडर, सातच्या दोन ओळी. पुढचं गोल आवरण राखाडी, सिलिंडर गडद धातूचे, पुशरॉडच्या नळ्या काळ्या. सिलिंडरवर काळ्या ऑइल रंगाचा पातळ वॉश सोडला की त्यांच्यावरचे बारीक कंगोरे उठून दिसतात. काउलिंग (इंजिनाभोवतीचं आवरण) आडवं लंबगोल असतं आणि दोन्ही बाजूंना हवेची तोंडं असतात. त्या तोंडांच्या आत काळा रंग फासू नका, गडद राखाडी द्या. या मापात शुद्ध काळा रंग भोकासारखा दिसतो. टायर आणि पंखांच्या पुढच्या कडेचे रबरी पट्टे असतील तर त्यांनाही हेच लागू.

काचा

लिबरेटरला काचा भरपूर. नाक, कॉकपिट, वरचा टरेट, मागचा टरेट, बाजूच्या खिडक्या. इथे फेविक्विक वापरलं की त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते आणि ती पुसता येत नाही. काचेचं सगळं फेविकॉलने चिकटवा, जास्तीचं ओल्या ब्रशने निघतं. मास्किंगला, म्हणजे रंग नको तो भाग झाकायला, 6 मिलिमीटर टेप लावा, चौकटीच्या कडेने नवीन ब्लेडने कापा. आधी कॉकपिटच्या आतला हिरवा मारा, त्यावर बाहेरचा रंग. आतून बघितलं तर चौकट हिरवी दिसते. दुकानातली साधी पारदर्शक टेप नको. आणि मे महिन्यात कोणतीही टेप दोन दिवसांपेक्षा जास्त लावून ठेवू नका. गोंद वितळून काचेवर राहतो.

प्रायमर आणि मूळ रंग

सांधे एम-सीलने भरले असतील तर रात्रभर ठेवा, मग 400, 600, 1000 असा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा. भिंतीची पुट्टी भरू नका, घासताना तिचे ढपले निघतात. मॉडेल भांड्याच्या साबणाने धुऊन, वाळवून, त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका. उन्हाळ्यात बोटांचा घाम लगेच उमटतो आणि तिथे रंग धरत नाही.

राखाडी प्रायमर दोन पातळ हात. प्रायमर वाळल्यावर टॉर्च आडवी धरून सगळे सांधे बघा. मॉडेलवर मोठं प्लॅस्टिकचं घमेलं उपडं घाला, तोंडाखाली चार काड्या ठेवून जरा हवा खेळू द्या. धूळ आणि रुई, दोन्हींपासून ते वाचतं.

खालची बाजू आधी: तामियाचा एक्सएफ-53 (न्यूट्रल ग्रे). सहा तास थांबा. मग वरची एक्सएफ-62 (ऑलिव्ह ड्रॅब). वर आणि खालच्या रंगांची सीमा फ्यूजलाजवर किंचित धूसर असते, धारदार नाही. ती हवी तर मास्किंग टेपऐवजी ब्लू-टॅकची (मळता येणाऱ्या, पुन्हा निघणाऱ्या चिकट गोळ्याची) बारीक वळी लावा आणि तिच्यावर काटकोनात फवारा मारा. वरच्या भागाला 10 मिलीची एक बाटली पुरते, पण फिकट छटा मिसळायला दुसरी लागेल.

उडालेला रंग

बहुतेक मॉडेल इथेच बिघडतात, आणि कमी केल्याने नाही तर जास्त केल्याने. ऑलिव्ह ड्रॅब उन्हात एकसारखा फिकटत नाही. पंखाचा वरचा भाग, फ्यूजलाजचा माथा जास्त उडतो, बाजू कमी, आणि पोटाखाली जवळपास नाहीच. गावातल्या जुन्या ट्रॅक्टरचं बॉनेट बघा, माथा पांढुरका आणि बाजू अजून गडद. लिबरेटरचे रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन (शेपटीवरच्या आणि पंखांवरच्या हलत्या फळ्या) कापडी होते, त्यांवरचा रंग धातूच्या भागांपेक्षा वेगळा उडायचा. जुन्या फोटोंत शेपटीचे हे तुकडे वेगळ्या छटेचे दिसतात.

एक्सएफ-62 चार भाग आणि एक्सएफ-57 (बफ, म्हणजे फिकट पिवळट) एक भाग अशी छटा करा. 1 : 3 इतकी पातळ करा, 10-12 पीएसआय ठेवा आणि पॅनेलच्या मध्यावर ढगासारखे हलके ठिपके सोडा, कडा तशाच राहू द्या. कापडी भागांसाठी त्याच मिश्रणात आणखी एक भाग एक्सएफ-57. दोन हात लांबून बघा. पॅनेल वेगळे मोजता आले तर जास्त झालंय. अशावेळी मूळ एक्सएफ-62 अगदी पातळ करून सगळ्यावर एक हात फिरवा, छटा दबतात पण जात नाहीत.

धूर कुठे दाखवायचा? लँकेस्टरसारखा पंखावरून लांब काळा पट्टा इथे नको. लिबरेटरच्या इंजिनांचा धूर नॅसेलच्या (पंखावरच्या इंजिनघराच्या) पोटाखालच्या टर्बोसुपरचार्जरमधून बाहेर पडायचा, म्हणून त्याचा डाग नॅसेलच्या तळाशी आणि पंखाच्या खालच्या बाजूने मागे जातो. वरच्या बाजूला नॅसेलमागे तेलाचे बारीक ओघळ दाखवा, तेवढंच.

डेकल

मॅट रंगावर डेकल लावू नका, त्याच्याखाली हवा राहून चंदेरी डाग पडतो. आधी तामिया एक्स-22 चा ग्लॉस, दोन पातळ हात, आणि 24 तास. पाणी बोअरचं नको. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या जड पाण्याने वाळल्यावर पांढरी कड उमटते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, ते उत्तम. डेकल 10-15 सेकंद बुडवा, एक मिनिट बाहेर ठेवा, सरकवा, वर सॉफ्टनर (डेकल मऊ करणारं द्रव). सॉफ्टनर नसेल तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग तेच पाणी. असर कमी, पण होतो. उन्हाळ्यात डेकल एका मिनिटात जागेवर धरतं, म्हणून आधी जागेवर पाण्याचा मोठा थेंब ठेवा.

आग्नेय आशिया कमांडच्या गोलात लाल रंग नसतो. जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तो काढून गडद निळा आणि फिकट निळा एवढेच ठेवले होते. शेपटीवरच्या पट्ट्यातही तेच दोन. किटमध्ये लाल मधला गोल आला असेल तर तो लावू नका.

भारतीय वायुसेनेचं लिबरेटर करायचं असेल तर मात्र धातूच्या रंगाचीच तयारी करावी लागेल. ब्रिटिशांनी कानपूरला मोडीत टाकलेली विमानं एचएएलने पुन्हा उभी केली आणि 1948 पासून 5 नंबरच्या स्क्वाड्रनला दिली. 1950 नंतरचा गोल बाहेर हिरवा, मध्ये पांढरा, आत केशरी.

वॉश, धूळ आणि शेवट

डेकलवर आणखी एक ग्लॉसचा हात, मग वॉश. कॅमलिनच्या बर्न्ट अंबर आणि काळ्या ऑइल रंगाचा मटारएवढा गोळा 15 मिली टर्पेंटाइनमध्ये विरघळवा. फक्त रेघांना ब्रशचं टोक लावा, तो आपोआप धावतो. संपूर्ण पंखावर ओतू नका. जास्तीचं टर्पेंटाइन सांध्यात उतरून ताण असलेल्या प्लॅस्टिकला तडा देतं. अर्ध्या तासाने विमानावरून हवा जशी वाहते त्या दिशेने, पुढून मागे, सुती कापडाने पुसा. रॉकेल वापरू नका, तेलकट थर राहतो आणि मॅट कोट त्यावर धरत नाही.

मॅट वॉर्निश झाल्यावर धूळ. इथे हात आपोआप काळ्या मातीकडे जातो, पण दिग्री-सालबोनीचा मुलूख तांबड्या जांभ्या मातीचा आहे. रंग तांबूस विटकरी हवा. मुरूम कुटून मलमलच्या कापडातून गाळला तरी त्याचे कण 1/72 ला ठळक दिसतात, म्हणून सुक्या पेस्टल खडूची भुकटी घ्या. टायर, चाकांचे पाय, पुढच्या चाकामागचं पोट आणि बॉम्बच्या दारांची खालची कड, एवढ्याच जागा. ही दारं शटरसारखी बाजूने वर सरकायची, खाली उघडायची नाहीत. उघडी दाखवत असाल तर दारं कापून लटकवू नका. आत बॉम्ब लावले तर अमेरिकी बॉम्ब ऑलिव्ह ड्रॅब, नाकाला आणि शेपटीला पिवळा पट्टा.

बंदुका, चाकं आणि इंजिनांचे पंखे अगदी शेवटी बसवा. ॲंटेनाची तार किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले येतात तिचा तुकडा मेणबत्तीवर ताणून करा. खऱ्या तारेच्या मापाने ती केसापेक्षाही बारीक व्हायला हवी. ताणल्यावर 5 सेकंद हातात धरून थंड होऊ द्या, नाहीतर ती गुंडाळते. चिकटवताना थोडी सैल ठेवा, मग ज्योत विझवलेल्या, धुमसणाऱ्या अगरबत्तीचं गरम टोक एका सेंटिमीटरवरून फिरवा, ती आपोआप ताठ होते. टोक तारेला लागलं की तार तुटते.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. एप्रिलपासून जूनपर्यंत मॉडेलच्या पोटाखाली, मुख्य चाकांच्या पुढे, लाकडाचा तुकडा टेकवून ठेवा, म्हणजे नाकाचं वजन पुढच्या पायावर येत नाही.